कोळशाचे शेअर राहू द्या, साडेबारा टक्क्यांचे रोखे नकोत

भद्रावतीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) माजरी क्षेत्रातून ओव्हरमन (खाणीतला पर्यवेक्षक) म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झालो. वय ६१. ग्रॅच्युइटी, पीएफ आणि रजेचे मिळून ३८ लाख हाती आहेत. २०१० साली कामगारांच्या कोट्यातून कोल इंडियाचे २०० शेअर घेतले होते, ते तसेच पडून आहेत. ओळखीतला एक एजंट सांगतो की, ओबी, म्हणजे कोळशावरची माती आणि दगड, काढण्याची कंत्राटं घेणारी एक खासगी कंपनी रोखे काढते आहे. साडेबारा टक्के व्याज, दर महिन्याला खात्यात, मुदत पाच वर्षं. शेअर विका, वर दहा लाख घाला आणि रोखे घ्या, असं त्याचं म्हणणं. शेअर वरखाली होतो, रोख्याचं व्याज ठरलेलं असतं, आणि कोळसा तर जमिनीत आहेच, मग पैसा बुडणार कसा? मुलगा म्हणतो, उलट कोल इंडियाचेच आणखी दहा लाखांचे शेअर घेऊ. मला वाटतं, कोल इंडियाचेच रोखे मिळाले तर सगळ्यात बरं. ते का मिळत नाहीत?"

नमस्कार. उत्तर आधी सांगतो, कारणं मग. २०० शेअर विकू नका. साडेबारा टक्क्यांच्या रोख्यात एक रुपयाही घालू नका. आणि मुलाच्या म्हणण्याप्रमाणे कोल इंडियात आणखी दहा लाख लावायचीही गरज नाही.

शेअर घेतला की तुम्ही मालकांपैकी एक होता, रोखा घेतला की सावकारांपैकी एक. मालकाला काय मिळेल याचं वचन कुणी देत नाही. सावकाराला वचन मिळतं, पण ते पाळायला कंपनीच्या खात्यात रोकड लागते. म्हणून कोळशाच्या कंपनीत पैसे घालताना पहिला प्रश्न असा विचारायचा, की कोळसा विकून आलेला रुपया कुणाकुणाला वाटला जातो आणि त्या रांगेत आपण कितवे. तुमच्या दोन्ही कागदांना हीच पट्टी लावून बघू.

आधी हातात असलेला कागद. कोल इंडियाचा पहिला जाहीर इश्यू ऑक्टोबर २०१० मध्ये आला. भाव २४५ रुपये ठरला. किरकोळ गुंतवणूकदार आणि कर्मचारी यांना ५ टक्के सूट होती, म्हणजे तुम्हाला शेअर २३२ रुपये ७५ पैशांना पडला. २०० शेअरचे ४६,५५०. तो सगळा इश्यू म्हणजे सरकारने आपल्या मालकीतला १० टक्के हिस्सा विकला होता. सुमारे १५ हजार कोटी जमा झाले ते सरकारच्या तिजोरीत गेले, खाणीत एक रुपयाही आला नाही. २०१५ च्या जानेवारीत सरकारने आणखी १० टक्के हिस्सा किमान ३५८ रुपये भावाने काढला आणि साडेबावीस हजार कोटींवर रक्कम उभी केली. २०१८ मध्ये पुन्हा विक्री झाली. २०२३ च्या जूनमध्ये ३ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा २२५ रुपयांच्या किमान भावाने विकायला काढला. या कंपनीत सगळ्यात मोठा मालकच अधूनमधून विक्रेता असतो, आणि तो विकायला उतरला की भाव दबतो. ३५८ ला घेणाऱ्यांनी २०२० मध्ये १२० च्या खालचा भाव बघितला, आणि धीर धरलेल्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये ५४० च्या वरचाही. शेअर वरखाली होतो हे एजंटाचं बोलणं खोटं नाही.

आज सरकारकडे ६३.१३ टक्के आहेत. एकूण शेअर सुमारे ६१६ कोटी. इश्यूच्या वेळी ६३१ कोटींहून थोडे जास्त होते, पण कंपनीने २०१६ मध्ये ३३५ रुपयांनी आणि २०१९ मध्ये २३५ रुपयांनी काही शेअर परत घेतले. वेकोलिचा शेअर तुमच्याकडे नाही, बाजारातही नाही. वेकोलि पूर्णपणे कोल इंडियाच्या मालकीची. कोल इंडिया स्वतः थेट खाणकाम करते ते फक्त आसाममध्ये. बाकी सगळा कोळसा नागपूर, बिलासपूर, संबलपूर, सिंगरौली अशा ठिकाणच्या उपकंपन्या काढतात आणि लाभांशाच्या रूपाने पैसा वर कोलकात्याला पाठवतात. म्हणून कंपनीचा अहवाल बघायचा तर एकत्रित ताळेबंद बघा. एकट्या कोल इंडियाचा ताळेबंद वाचून काही कळत नाही.

लाभांशाचं गणित सरकारच्या गरजेशी बांधलेलं आहे. केंद्राच्या नियमाप्रमाणे सरकारी कंपनीने निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता जे उरतं त्याच्या) ४ टक्के, यातलं जे जास्त ते, किमान लाभांश म्हणून द्यायचं असतं. कोल इंडिया बहुतेक त्याहून बरंच जास्त देते. २०२४-२५ साठी शेअरमागे एकूण २६.५० रुपये दिले. यात सरकारच्या वाट्याला दहा हजार कोटींहून जास्त गेले, तुमच्या वाट्याला ५,३००. त्याआधीच्या वर्षी २५.५० होते, त्याआधी २४.२५. पण २०१३-१४ मध्ये हाच आकडा २९ होता आणि २०१९-२० मध्ये १२ वर आला होता, हे विसरू नका. लाभांश म्हणजे पेन्शन नाही.

तुमच्या मूळ किमतीवर २६.५० म्हणजे अकरा टक्क्यांहून जास्त परतावा दिसतो. हा आकडा मनाला बरा वाटतो, पण निर्णयाला निरुपयोगी आहे. समजा आज भाव ४०० आहे, तर आजचा परतावा ६.६ टक्के. विकायचं की ठेवायचं, मुलाने नवे घ्यायचे की नाही, हे त्या ६.६ वरून ठरवायचं. साडेबारा आणि सहा-साडेसहा यांची थेट तुलनाही करायची नाही. एकीकडे नफ्यातला वाटा आहे, जो वाढू शकतो आणि आटूही शकतो. दुसरीकडे कुणाचं तरी वचन आहे, जे कधीच वाढणार नाही.

हा नफा कुठून येतो हे तुम्ही खाणीत उभं राहून पाहिलं आहे, तरी पैशाच्या बाजूने सांगतो. बहुतेक कोळसा वीज केंद्रांना दीर्घ मुदतीच्या इंधनपुरवठा करारांवर, कंपनीने जाहीर केलेल्या भावाने जातो. थोडा भाग ई-लिलावात जातो आणि तिथे वरकड भाव मिळतो. लिलावातला वरकड आटला की नफा आणि लाभांश दोन्ही खाली बसतात. खर्चात सगळ्यात मोठा आकडा पगाराचा. अकरावा वेतन करार मे २०२३ मध्ये झाला, १९ टक्के वाढ, आणि ती १ जुलै २०२१ पासून लागू. म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची थकबाकी. तुम्हाला त्या करारात आनंद झाला असेल. शेअरधारक म्हणून तोच खर्च तुमच्या लाभांशाच्या आधी वजा झाला. बारावा करार १ जुलै २०२६ पासून धरायचा आहे, तेव्हा असा धक्का पुन्हा येणार हे गृहीत धरा. रॉयल्टी १४ टक्के, वर जिल्हा खनिज निधी. खाण बंद झाल्यावर जमीन सावरायचा पैसा वेगळ्या एस्क्रो खात्यात (ठरलेल्या कामासाठीच पैसे मोकळे होतात अशा खात्यात) भरावा लागतो, तोही मालकाच्या हाती लागत नाही.

आता कोल इंडियाचे रोखे का नाहीत. कारण साधं आहे: तिला तुमच्या कर्जाची गरज नाही. लिलावात कोळसा घेणारे उचलण्याआधी पैसे भरतात. करारावरच्या ग्राहकांत राज्यांच्या वीज कंपन्या थकबाकी ठेवतात, हे खरं, पण एकंदरीत रोकड भरपूर येते, आणि वर्षाला वीस हजार कोटींच्या आसपासचा भांडवली खर्च मुख्यतः त्यातूनच भागतो. ज्याच्या घरात धान्य आहे तो उसनं मागायला कशाला येईल? कोळशाच्या धंद्यातला रोखाच हवा असेल, तर जवळचं नाव एनएलसी इंडिया, म्हणजे पूर्वीची नेयवेली लिग्नाइट. ती लिग्नाइट काढते आणि त्यावर वीज बनवते. वीज केंद्रं उभारायला एकदम मोठा पैसा लागतो, म्हणून ती रोखे काढते. २०१९ च्या मे महिन्यात तिने दहा वर्षांचे रोखे ८.०९ टक्क्यांनी काढले, पुढे व्याजदर उतरल्यावर त्याहून स्वस्तात. सरकारी मालकीची, उत्तम मानांकनाची (कर्ज फेडण्याची पत उत्तम ठरलेली) कंपनी या दराने कर्ज उचलते. मग एका कंत्राटदाराला तुमच्यासारख्यांना साडेबारा का द्यावे लागतात? बँका त्याला आणखी द्यायला तयार नाहीत, किंवा देतील तर याहून महाग, म्हणून. मधले चार-साडेचार टक्के हा तुमच्या जोखमीचा भाव आहे, आणि तो भाव पुरेसा आहे की नाही हे एजंट तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याचं कमिशन पहिल्याच दिवशी मिळतं.

"कोळसा जमिनीत आहे" या वाक्यावर थोडं थांबू या. जमिनीतला कोळसा त्या कंपनीचा नाहीच. ओबी काढणारी कंपनी म्हणजे मातीचा कंत्राटदार. तिच्याकडे आहेत डंपर, शॉवेल आणि एक करार. ज्यांना खाणपट्टा मिळतो त्या कंपन्यांकडेसुद्धा फक्त काढण्याचा हक्क असतो, आणि हक्क जाऊ शकतो. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोनशेहून जास्त कोळसा ब्लॉकचं वाटप एका निकालात रद्द केलं. जे ब्लॉक चालू होते त्यांना आधीच काढलेल्या कोळशावर टनामागे २९५ रुपये भरायला लावले. त्या ब्लॉकच्या भरवशावर कर्ज देणाऱ्यांचं तारण त्या दिवशी दुपारपर्यंत कागदी झालं होतं. २०२० पासून व्यावसायिक खाणकामाचे लिलाव सुरू झाले. मार्की-मांगली, टाकळी-जेना-बेलोरा ही नावं तुमच्या भागातलीच. तिथे बोली जिंकणारा उत्पन्नातला ठरलेला टक्का आधी सरकारला देतो, किमान ४ टक्के, चढाओढीत त्याच्या कितीतरी पट. सावकाराचा नंबर त्यानंतर.

कंत्राटदाराच्या खात्यात काय होतं ते आकड्यांत बघू. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण असंच असतं. समजा वर्षाचं बिल २०० कोटी. डिझेल, टायर, सुटे भाग १०५ कोटी. मजुरी ३५. बाकी खर्च १५. उरले ४५. डंपर आणि शॉवेल कर्जावर घेतलेले असतात, त्यांचे हप्ते २८. उरले १७. आता १०० कोटींचे रोखे साडेबारा टक्क्यांनी, व्याज १२.५ कोटी. हातात राहिले साडेचार.

आता पावसाळा लांबला. खड्ड्यात पाणी साचलं, पंप पुरले नाहीत, डंपरच्या वाटेवर चिखल, आणि वर्षाचं काम १० टक्क्यांनी घटलं. माजरीच्या खाणीत हे तुम्ही किती वेळा बघितलं असेल! बिल १८० कोटी. डिझेल-टायर कामाबरोबर घटून ९४.५ वर येतील, पण मजुरी आणि बाकी खर्च ५० कोटी तसेच. उरले ३५.५. हप्ते २८ द्यावेच लागतात, नाहीतर फायनान्सवाला मशीन उचलून नेतो. उरले साडेसात. रोख्याचं व्याज साडेबारा. पाच कोटी कमी पडले. फक्त १० टक्के काम घटलं आणि "ठरलेलं" व्याज अडकलं. बिलं थकणं, डिझेल महागणं, जमिनीच्या वादात खोदकामाची आघाडी पुढे न सरकणं, हे मी धरलेलंच नाही. काम फारच मागे पडलं तर खाण कंपनी दंड कापते, करार रद्द करते आणि बँक गॅरंटी वटवून घेते. मग बिलच बंद.

आणि मुद्दल? चांगल्या वर्षातसुद्धा हातात साडेचार कोटी राहतात. पाच वर्षांत साडेबावीस. परत करायचे आहेत शंभर. म्हणजे तुमचं मुद्दल फेडायला कंपनीला पाचव्या वर्षी नवा सावकार शोधावा लागेल. तेव्हा बँकांचा कोळशाकडे बघण्याचा सूर कसा असेल? जगभरातल्या बऱ्याच मोठ्या बँका आणि विमा कंपन्यांनी कोळशाला पैसे देणं आधीच आखडतं घेतलं आहे. ओबीचा करार तीन-चार वर्षांत संपत असेल आणि रोखा पाच वर्षांचा असेल, तर शेवटचं वर्ष कशाच्या भरवशावर, हा प्रश्न एजंटाला विचारून बघा.

कंपनी बुडालीच तर रांग कशी लागते ते दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्ये लिहिलेलं आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेले सावकार, दोघं एका पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार. मग विनातारण वित्तीय सावकार. त्यानंतर सरकारी देणी, उरलेली इतर देणी, प्राधान्य भागधारक, आणि अगदी शेवटी साधे शेअरधारक. तुमचा रोखा दुसऱ्या पायरीवर आहे की चौथ्या, हे "सिक्युअर्ड" या एका शब्दावर ठरतं. तोही शब्द फसवा: तारण कशाचं? डंपर आधीच फायनान्स कंपनीकडे पहिल्या हक्काने गहाण असतील तर तुमच्या वाट्याला दुसरा किंवा उरलासुरला हक्क येतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकून तिच्यावरच्या बोजांची यादी बघता येते. कुठल्या तारखेला कुणाकडे किती रकमेचा बोजा, सगळं दिसतं. सातबाऱ्यावरचा बोजा न बघता तुम्ही शेत घेणार नाही, तसंच हे.

ही रांग कशी चालते याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पीबॉडी ही जगातल्या सर्वात मोठ्या खासगी कोळसा कंपन्यांपैकी एक. २०११ मध्ये कोकिंग कोळसा, म्हणजे पोलाद बनवायला लागणारा, टनाला ३३० डॉलरपर्यंत चढला होता, त्याच सुमारास तिने कर्ज काढून ऑस्ट्रेलियातली मॅकआर्थर कोल ही कंपनी घेतली. २०१६ च्या सुरुवातीला तोच भाव ऐंशीच्या घरात. एप्रिल २०१६ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात गेली. वहीत मालमत्ता ११ अब्ज डॉलर आणि देणी १०.१ अब्ज, म्हणजे कागदावर ती बुडालेली नव्हतीच, फक्त व्याज भरायला रोकड नव्हती. वर्षभराने, एप्रिल २०१७ मध्ये, ती बाहेर आली तेव्हा जुने शेअर रद्द झाले, जुन्या शेअरधारकांच्या हाती शून्य. विनातारण रोखेधारकांना पैशांऐवजी मुख्यतः नव्या कंपनीचे शेअर आणि ते घेण्याचे हक्क मिळाले. खाणी मात्र चालूच होत्या. कोळसा कुठेही गेला नव्हता.

मानांकन चांगलं आहे, असंही एजंट म्हणेल. मानांकन बघायचंच, बीबीबी उणेच्या (गुंतवणूकयोग्य मानल्या जाणाऱ्या सगळ्यात खालच्या पायरीच्या) खालच्या कागदाला हात लावायचा नाही. पण त्यावर झोपायचंही नाही. तुमचाच कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी बघा. त्याचे सुमारे १,३९० कोटी डीएचएफएल या घरकर्ज देणाऱ्या खासगी कंपनीच्या रोख्यांत होते. २०१९ च्या सुरुवातीपर्यंत त्या कंपनीला सर्वोच्च मानांकन होतं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिने पैसे थकवले. पुढे निधीला ७२७ कोटींहून जास्त रक्कम बुडीत म्हणून सोडावी लागली. पगारी तज्ज्ञ ठेवणाऱ्या संस्थेची ही गत. तिच्याकडे बाकीचा मोठा निधी होता म्हणून ती तरली. तुमच्या ३८ लाखांतले दहा गेले तर चौथा हिस्सा गेला.

त्या एजंटाच्या कागदावर तरीही एकदा नजर टाकायची असेल, तर आयएसआयएन, म्हणजे प्रत्येक शेअरचा किंवा रोख्याचा ओळख क्रमांक, विचारा. बारा अक्षरांचा असतो. कोल इंडियाच्या शेअरचा आयएनई५२२एफ०१०१४ आहे: आयएनई म्हणजे भारतातली कंपनी, ५२२एफ हा कंपनीचा संकेत, आणि पुढचे ०१ म्हणजे साधा शेअर. डिबेंचर, म्हणजे कंपनीचा रोखा, असेल तर त्या जागी ०७ येतं. हा क्रमांक एनएसडीएल या डीमॅट नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या 'इंडिया बॉन्ड इन्फो' संकेतस्थळावर टाकला की व्याज, मुदत, मानांकन, विश्वस्त (रोखेधारकांच्या वतीने लक्ष ठेवणारी संस्था) कोण, तारण आहे की नाही, हे दिसतं. क्रमांकच नसेल, "नंतर मिळेल" असं उत्तर आलं, तर बोलणं तिथेच थांबवा. डिबेंचर विश्वस्त सेबीकडे नोंदलेला हवा. कुठल्या शेअर बाजारात नोंदणी नसेल आणि "खासगी विक्री" म्हणत असतील तर कायद्याने असा प्रस्ताव एका आर्थिक वर्षात २०० जणांपेक्षा जास्त लोकांना देता येत नाही, जाहिरात करता येत नाही, आणि प्रस्तावाचं पत्र तुमच्या नावाने यावं लागतं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरणारं पत्रक हाच त्या नियमाचा भंग आहे. पैसे एजंटाच्या किंवा "कलेक्शन"च्या खात्यात मागितले, तर सांगायलाच नको.

पुढेमागे बाजारातले रोखे घ्यावेसे वाटलेच तर सेबीकडे नोंदलेल्या ऑनलाइन रोखे मंचावरून घ्या. पूर्वी असे रोखे दहा लाखांच्या पटीत असत. आता एक लाखाचे मिळतात, आणि २०२४ पासून काही साध्या रोख्यांना १० हजारांच्या दर्शनी किमतीचीही मुभा आहे. तिथे एक चूक फार होते. रोख्यावर ८ टक्के छापलेलं असतं, पण एक लाखाचा रोखा १ लाख ४ हजारांना मिळतो. चार वर्षांनी हाती एक लाखच येणार. वरचे चार हजार धरले तर खरा परतावा ६.८ टक्क्यांच्या आसपास पडतो. मंचावर 'यील्ड' म्हणून दाखवतात तो आकडा बघा, छापील व्याज नव्हे. गेल्या हप्त्यापासून साठलेलं व्याजही खरेदीच्या वेळी आधी भरावं लागतं. ते पुढच्या हप्त्यात परत येतं, तेव्हा दचकू नका. आणि मुदतीआधी विकायला गेलात तर घेणारा मिळेलच असं नाही.

तुमच्या ३८ लाखांचं मी असं करीन. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. २०२५-२६ मध्ये दर ८.२ टक्के होता, व्याज तिमाहीला, मुदत पाच वर्षं, आणि भरता त्या दिवसाचा दर पूर्ण मुदतीला कायम. तीस लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये होतात. हमी केंद्र सरकारची, पावसाळ्याशी संबंध नाही. उरलेल्या आठांपैकी तीन-चार बँकेत आजारपणासाठी मोकळे ठेवा. बाकीचे सरकारी रोख्यांत घालता येतील. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून १० हजारांपासून घेता येतात, मध्ये कुणी एजंट नसतो.

मुलाला एवढंच सांगा: तुमचं पेन्शन कोळशातलं, घर भद्रावतीत म्हणजे त्याची किंमतही खाणी चालू राहण्यावर, २०० शेअरही कोळशाचेच. आणखी दहा लाख त्याच टोपलीत नकोत. आहेत ते शेअर ४०० च्या भावाने ८० हजारांचे, तुमच्या पुंजीच्या जेमतेम दोन टक्के. ते ठेवल्याने काही बिघडत नाही. कधी विकलेच तर कराची धास्ती नको: ३१ जानेवारी २०१८ पूर्वी घेतलेल्या शेअरला त्या दिवशीचा सर्वाधिक भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, विक्रीचा भाव त्याहून कमी असेल तर तो, आणि तसाही वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त आहे. लाभांश मात्र २०२० पासून तुमच्या उत्पन्नात धरला जातो. वर्षाला १० हजारांच्या आत असेल तर कंपनी आधी कर कापत नाही, पण विवरणपत्रात दाखवायला विसरू नका.

आणि हे याच आठवड्यात करा. शेअर "तसेच पडून आहेत" असं लिहिलंत म्हणून सुचवतो. डीमॅट खात्याला जोडलेलं बँक खातं अजून चालू आहे का, नॉमिनी कोण आहे, पॅन आणि आधार जोडलेले आहेत का, हे तपासा. पगाराचं जुनं खातं बंद केलं असेल तर लाभांश परत जात असणार. सात वर्षं न उचललेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जमा होतो, आणि सलग सात वर्षं काहीच उचललं नसेल तर शेअरसुद्धा तिकडेच जातात. परत मिळतात, पण त्यासाठी आयईपीएफ-५ अर्ज, कंपनीकडून पडताळणी आणि बरीच वाट बघावी लागते. कोल इंडियाच्या संकेतस्थळावर न उचललेल्या लाभांशाच्या याद्या असतात. तुमचं नाव त्यात आहे का ते आधी बघा.